‘न्यूमोनिया’ : शब्द आणि व्याधी

संपादक मंडळाने ह्या स्मरणिकेसाठी आमच्याकडे एखादा भाषाविषयक लेख मागितला आणि सोबत एक अट घातली, की लेख घरातील सर्वांस वाचता यावा, केवळ शिक्षकांस नव्हे. विषयासाठी फार शोधाशोध करावी लागली नाही. इंग्रजीच्या तासाला दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतोच, “सर, न्यूमोनियाच्या स्पेलिंगात पहिले अक्षर पी आहे. मग आपण प्न्यूमोनिया का म्हणत नाही?” प्रश्न लहान आहे. उत्तर मात्र माणसास ग्रीस देशापासून बगदादपर्यंत आणि तेथून आपल्या हैदराबादेपर्यंत हिंडवून आणते. शिवाय ह्या शब्दाचा खरा अर्थ ध्यानात आला, तर मुलांच्या आजारपणात घरोघरी होणारा एक घातक घोटाळा टळण्याजोगा आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा विषय घेतला.

प्रथम त्या पीची हकीकत सांगून टाकू. शब्द मूळचा ग्रीक. ग्रीक लोक त्यातील ‘प’ आणि ‘न’ दोन्ही स्पष्ट उच्चारीत. फ्रेंच व जर्मन लोक आजही तसेच करतात. इंग्रजी जिभेला मात्र शब्दाच्या आरंभी ‘प्न’ चालत नाही, म्हणून त्यांनी उच्चारातून ‘प’ गाळला आणि लिहिताना ठेवला. मानसशास्त्राच्या इंग्रजी नावात, सायकॉलॉजीत, हाच पी असाच मुका उभा असतो. ‘स्वप्न’ म्हणणाऱ्या आपल्या जिभेस ‘प्न’ मुळीच जड नाही. परंतु शब्द आपल्याकडे इंग्रजांमार्फत आला, तेव्हा तो त्यांच्या सवयीसह आला.

इंग्रजीत हा शब्द रुजला तो सतराव्या शतकाच्या आरंभी. ग्रीक भाषेत ‘न्यूमोन’ म्हणजे फुप्फुस. (मूळ उच्चार ‘प्नेउमोन’, सोयीसाठी आपण इंग्रजी वळणानेच लिहू.) त्याला ‘इया’ हा प्रत्यय लागून ‘न्यूमोनिया’ झाला. अर्थ एवढाच, की फुप्फुसाचा आजार. ह्या शब्दात थंडी नाही, वारा लागणे नाही, पावसात भिजणे नाही, ताप नाही. केवळ अवयवाचे नाव आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

पण ‘न्यूमोन’ हे त्या अवयवाचे पहिले नाव नव्हे. जुन्या ग्रीकमध्ये तो शब्द ‘प्लेउमोन’ असा होता. ‘न’च्या जागी ‘ल’. हे जुने रूप पाहिले की लॅटिनमधील फुप्फुसवाचक ‘पुल्मो’ शब्दाशी त्याचे नाते उघड होते. डॉक्टर ‘पल्मनरी’ म्हणतात तो हाच. भाषाशास्त्रज्ञ ह्या दोहोंचे मूळ एका प्राचीन धातूत पाहतात, ज्याचा अर्थ वाहणे, तरंगणे. तो धातू संस्कृतात ‘प्लु’ ह्या रूपाने नांदतो आहे. ‘प्लव’ म्हणजे तराफा किंवा होडी. आनंदाने ‘परिप्लुत’ झालेला मनुष्य आपण कादंबऱ्यांत वाचतो. आणि व्याकरणाच्या तासाला ऱ्हस्व, दीर्घ यांनंतर जो ‘प्लुत’ स्वर आम्ही शिकवितो, लांबवर हाक मारताना येणारा, तोही ह्याच धातूचा. म्हणजे प्लेउमोन याचा मूळ अर्थ ‘तरंगणारे’.

तरंगणारे का? येथे शाकाहारी वाचकांची क्षमा मागून आम्ही एक अनुभव सांगतो. बकरीदच्या दिवशी आमच्या घरी कुर्बानीचे मटण धुण्यास बसत, तेव्हा आम्हां मुलांना पाण्याच्या बादलीशी खेळण्याची चोरून संधी मिळे. कलेजी पाण्यात सोडली की तळाशी जाई. फेफडा सोडला की वर येई. बोटाने खाली दाबावा आणि बोट काढताच तो पुन्हा वर. आमच्या नानी ओरडत, पण आम्ही पुनःपुन्हा दाबून पाहत असू. हजारो वर्षांपूर्वी यज्ञासाठी किंवा भोजनासाठी पशू कापणाऱ्या माणसांनी हेच पाहिले असणार. साऱ्या अवयवांत हा एकच पाण्यावर राहतो. मग त्याचे नाव ‘तरंगणारे’ पडले तर त्यात नवल काय?

आणि ही दृष्टी एकट्या ग्रीकांची नाही. इंग्रजीतील ‘लंग’ हा शब्द ज्या धातूपासून आला, त्याचा अर्थ हलके. त्याच धातूपासून वजनाला हलका ह्या अर्थाचा इंग्रजी ‘लाइट’ आला, आणि त्याचाच संस्कृत भाऊ म्हणजे आपला ‘लघु’. छंदशास्त्रातील लघु-गुरू घोकणाऱ्या मुलांस आम्ही हे सांगतो, तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही. इंग्लंडातील खाटीक जनावराच्या फुप्फुसांस ‘लाइट्स’ म्हणत. रशियन भाषेत फुप्फुसाला जो शब्द आहे, ‘ल्योग्कोये’, त्याचाही अर्थ ‘हलके’ असाच होतो. आपल्याकडे सुश्रुताने फुप्फुसाची उत्पत्ती रक्ताच्या फेनापासून सांगितली आहे. फेन म्हणजे फेस. शास्त्र म्हणून आज हे कोणी मानणार नाही, परंतु ज्या डोळ्यांनी ते पाहिले ते डोळे चोख होते. फुप्फुस कापले तर ते खरोखरच फेसासारखे, असंख्य बुडबुड्यांचे दिसते.

संस्कृतात ‘क्लोमन्’ असा आणखी एक शब्द आहे. अथर्ववेदात अवयवांच्या मालिकेत तो येतो. भाषाशास्त्रज्ञ त्याला प्लेउमोनचाच भाऊ समजतात. पुढे ओष्ठ्य ‘म’ असल्यामुळे आरंभीच्या ‘प’चा ‘क’ झाला असे त्यांचे म्हणणे. सुश्रुताने हृदयाच्या डाव्या अंगास प्लीहा आणि फुप्फुस, व उजव्या अंगास यकृत् आणि क्लोम अशी जागा नेमून दिली आहे, यावरून क्लोम म्हणजे उजवे फुप्फुस असा अर्थ काहींनी केला. चरकाने मात्र क्लोमाचा संबंध पाणी वाहणाऱ्या स्रोतसांशी व तहानेशी लावला आहे, आणि त्यामुळे नंतरच्या वैद्यांत ह्या अवयवावरून जे वाद झाले ते आजतागायत मिटलेले नाहीत. आम्ही त्यात पडत नाही. एवढे मात्र खरे, की आपल्या नित्याच्या भाषेत क्लोम टिकला नाही, फुप्फुस टिकले. (जाता जाता : मुले ‘फुफ्फुस’ लिहितात आणि आता छापखानेही तसेच छापतात. संस्कृतातील रूप ‘फुप्फुस’ असे आहे. महाप्राणाला महाप्राण जोडून येत नाही.)

आता ‘प्लेउमोन’चा ‘न्यूमोन’ कसा झाला ते पाहू. ग्रीकमध्ये ‘न्यूमा’ असा दुसरा एक शब्द होता. त्याचा अर्थ वारा, श्वास, आणि त्यावरूनच प्राण व आत्मा. फुप्फुसाने श्वास घेतात हे सर्वांना ठाऊक. तेव्हा बोलणाऱ्यांच्या तोंडी तरंगण्याचा ‘प्ले’ मागे पडून श्वासाचा ‘प्ने’ पुढे आला. मूळ अर्थ विसरला की लोक शब्दाला आपल्या ओळखीच्या शब्दासारखा घडवितात. आमच्या दक्खनी बोलीत म्हातारी माणसे न्यूमोनियाला ‘नमूनिया’ म्हणत. उर्दू लिपीत लिहिले तर ‘नमूना’ आणि ‘नमूनिया’ यांत एका अक्षराचा काय तो फरक. ग्रीकांनी केले ते ह्याच जातीचे, फक्त त्यांचा जोड अर्थाने अधिक चांगला बसला.

न्यूमा हा शब्द मराठी माणसास परका वाटू नये. आपल्याकडेही देवाचे ‘वारे’ अंगात येते. श्वासावरून ‘प्राण’ आणि प्राणावरून जीव, हा प्रवास संस्कृताने केलाच आहे. अरबीत ‘रीह’ म्हणजे वारा आणि ‘रूह’ म्हणजे आत्मा, दोन्ही एका धातूची लेकरे. मनुष्याने जगात जेथे जेथे मरणाऱ्याच्या नाकाशी हात धरून पाहिले, तेथे तेथे श्वास व आत्मा यांना जवळजवळ एकच नाव मिळाले. त्याच न्यूमाचा व्यावहारिक वंशज पाहावयाचा असेल तर सायकलीचे चाक पाहा. १८८८ साली डनलॉपने पेटंट घेतलेल्या हवा भरलेल्या टायरला इंग्रजीत ‘न्यूमॅटिक’ म्हणतात.

ग्रीकांचे हे वैद्यक आपल्याकडे दोन वाटांनी आले. इंग्रजांची वाट अलीकडची. जुनी वाट बगदादवरून येते. नवव्या शतकात हुनैन बिन इस्हाक ह्या थोर भाषांतरकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गॅलेनचे ग्रंथ सिरियाक व अरबी भाषांत आणले. ह्या वैद्यकास आपण ‘युनानी’ म्हणतो. युनानी म्हणजेच ग्रीक, आपल्या पुराणांतील ‘यवन’ शब्दाचा सख्खा भाऊ. गॅलेनचा न्यूमा अरबीत ‘रूह’ झाला. फुप्फुसाला अरबीत ‘रिआ’ हा शब्द होताच. मग ह्या व्याधीचे नाव पडले ‘जातुर्रिया’.

हे नाव कसे बनले ते पाहण्यासारखे आहे. ‘जात’ म्हणजे बाळगणारी, -वाली. पुढे ‘अल्’ हे उपपद, आणि मग ‘रिआ’. ‘अल्’मधील ल् पुढच्या र् मध्ये मिसळून जातो, हारून अर्-रशीद ह्या नावात मिसळतो तसा. संधी शिकलेल्या मुलास हे चटकन कळते. जातुर्रिया म्हणजे ‘फुप्फुसवाली’ व्याधी. ग्रीक शब्दाचे इतके काटेकोर भाषांतर क्वचितच पाहावयास मिळते. ह्यातील ‘जात’ मराठीतही आहे, मात्र ती संस्कृत ‘जाति’हून निराळी. साहेब ‘जातीने’ हजर राहतात, किंवा कोर्ट ‘जातमुचलक्यावर’ सोडते, त्यांतील ‘जात’ ती ही, स्वतः ह्या अर्थाची. इराणात आजही ह्या आजारास ‘जातुर्रिये’ म्हणतात. तुर्कांनी त्याचे ‘जात्युर्रे’ करून टाकले. आपल्या हैदराबादेत १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, त्याचे माध्यम उर्दू होते आणि वैद्यकसुद्धा उर्दूतून शिकवीत. पाठ्यपुस्तकांसाठी आदल्याच वर्षी दारुत्तर्जुमा, म्हणजे भाषांतर विभाग, उघडला होता. त्या काळी ह्या शहरातील सुशिक्षितांस जातुर्रिया हा शब्द न्यूमोनियाइतकाच परिचित असल्यास नवल नाही. आज तो हकिमांच्या पुस्तकांपुरता उरला.

जातुर्रियाची एक जोडीदारीण आहे, ‘जातुल्जनब’. जनब म्हणजे कूस, बगल. ग्रीकांचा ‘प्लुरिसी’ तो हा. ‘प्लुरा’ म्हणजे बरगडी किंवा कूस. फुप्फुसावरील आवरणास सूज आली म्हणजे श्वासागणिक कुशीत सुई टोचल्यासारखी कळ येते. दोन्ही व्याधी पुष्कळदा एकत्र येतात, म्हणून जुन्या वैद्यांस त्या वेगळ्या ओळखणे कठीण जाई. तरीही त्यांचे निरीक्षण किती बारीक होते याचे उदाहरण म्हणजे मूसा बिन मैमून. हा यहुदी पंडित व वैद्य कैरोस राहत असे, इ. स. १२०४ मध्ये वारला. त्याने अरबीत लिहून ठेवले, की फुप्फुसाच्या ह्या आजारात पाच गोष्टी कधी चुकत नाहीत : तीव्र ताप, कुशीतील टोचणारी कळ, आखूड व जलद श्वास, करवतीच्या दात्यांसारखी नाडी आणि खोकला. ह्या पाचांतील तिसरी गोष्ट पुढे आपल्या उपयोगी पडणार आहे.

आता शब्दाकडून व्याधीकडे वळू. फुप्फुस तरंगते ते त्यातील कोट्यवधी सूक्ष्म वायुकोशांमुळे. न्यूमोनियात ह्या कोशांत हवेच्या जागी पाण्यासारखा द्रव, पेशी व पू भरतो. रक्तात प्राणवायू शिरण्याची जागाच बुजते. १८१६ साली पॅरिसमध्ये स्टेथोस्कोप शोधून काढणाऱ्या लाएनेकने १८१९ च्या आपल्या ग्रंथात ह्या बदलाचे टप्पे वर्णिले. आरंभी छातीतून जो आवाज ऐकू येतो, त्याला त्याने तापल्या भांड्यात मीठ टाकले असता होणाऱ्या तडतडीची उपमा दिली. आमच्या मते वैद्यकातील एवढी घरगुती उपमा दुसरी नसेल. पुढच्या टप्प्यात फुप्फुसाचा तो भाग घट्ट, लालसर, यकृतासारखा होतो, म्हणून त्याला ‘हेपटायझेशन’ म्हणतात. ग्रीक ‘हेपार’ म्हणजे यकृत. आणि पाहा, ग्रीक हेपार, संस्कृत यकृत् आणि आपण ज्याला शौर्याशी जोडतो तो फारसी ‘जिगर’, हे तिन्ही एकाच मुळाचे शब्द आहेत.

अशा फुप्फुसाचा तुकडा शवविच्छेदनानंतर पाण्यात टाकला तर तो बुडतो. बादलीतल्या कलेजीसारखा तळाशी जातो. ‘तरंगणारे’ म्हणून ज्याला नाव मिळाले त्या अवयवाने तरंगणे सोडले म्हणजे न्यूमोनिया. शब्द घडविणाऱ्या ग्रीकांच्या मनात हे असणे शक्य नाही, कारण त्यांच्या काळी मूळ अर्थ झाकला गेला होता. पण विद्यार्थ्यांस हा रोग समजावून सांगताना आम्हांस ह्याहून चांगले साधन सापडलेले नाही.

औषधे निघण्यापूर्वी ह्या व्याधीत घरचे लोक दिवस मोजीत. बहुधा सातव्या दिवसाच्या आसपास ताप एकाएकी उतरे व रोगी घामाने भिजून शांत झोपे, नाहीतर कारभार आटोपे. त्या निर्णायक घटकेस ग्रीक वैद्य ‘क्रायसिस’ म्हणत, अर्थ, निवाडा. युनानी हकिमांनी त्यासाठी सिरियाकमधून ‘बुहरान’ शब्द घेतला, तोही कसोटी ह्या अर्थाचा. उर्दू वर्तमानपत्रांत आज रोज कोठल्या तरी देशाचे ‘मआशी बोहरान’, म्हणजे आर्थिक संकट, छापून येते. तो शब्द मुळात रोग्याच्या खाटेजवळचा आहे. १९३८ साली एम. अँड बी. ६९३ ही सल्फा गोळी आली, मग पेनिसिलिन आले, आणि बुहरानची वाट पाहण्याचे दिवस सरले. १९४३ च्या डिसेंबरात चर्चिल साहेब न्यूमोनियाने पडले, तेव्हा सल्फा औषधानेच त्यांस उठविले.

कारण काय, हा प्रश्न त्यापूर्वीच बराचसा सुटला होता. १८८१ साली फ्रान्समध्ये पाश्चर आणि अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी एकमेकांस न कळत एकच जंतू शोधला, दोघांनीही माणसाच्या लाळेत. पुढे थोड्याच वर्षांत त्याचा न्यूमोनियाशी संबंध सिद्ध होऊन त्यास ‘न्यूमोकॉकस’ नाव मिळाले. ‘कोक्कोस’ म्हणजे दाणा. स्टर्नबर्गने तर स्वतःच्याच लाळेत तो पाहिला, आणि तो त्या वेळी आजारी नव्हता. हा जंतू धडधाकट माणसाच्या घशातही राहतो. संधी मिळताच खाली फुप्फुसात उतरतो. अर्थात हा एकच कारणीभूत नाही. इतर जंतू आहेत, विषाणू आहेत. २०१९ च्या डिसेंबरात चीनमधील वुहान शहरातून जी पहिली वार्ता आली ती अज्ञात कारणाच्या न्यूमोनियाची होती, आणि पुढील दोन वर्षांत हा शब्द घराघरांत ज्या रीतीने पोहोचला ते सांगण्याची गरज नाही.

तरीही तो शब्द सर्वांपर्यंत पोहोचला आहे असे आम्ही म्हणणार नाही. काही वर्षांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणीचे तक्ते भरून घेण्याचे काम आमच्याकडे होते. त्यात पूर्वीच्या आजारांचे रकाने होते. एका विद्यार्थ्याच्या आईस आम्ही विचारले, “ह्याला लहानपणी न्यूमोनिया झाला होता का?” त्या ठामपणे म्हणाल्या, “नाही सर, तसलं मोठं काही नाही झालं. दोनदा डबा झाला होता तेवढा.” आम्ही क्षणभर लेखणी हातात धरून बसलो. मग शेजारी बसलेल्या डॉक्टरबाईंनी विचारले, “डबा झाला म्हणजे काय होत होतं, ताई?” त्यांनी सारे सांगितले : ताप, पोट उडणे, नाकपुड्या फुलणे, दूध न पिणे. बाईंनी रकान्यात न्यूमोनिया लिहिले.

‘डबा’ हा शब्द आपल्या लोकांत किती जुना व किती पसरलेला आहे हे वाचक जाणतातच. हिंदी मुलखात डब्बा म्हणतात किंवा पसली चलना. आमच्या नानीही म्हणत, बच्चे की पसलियाँ चल रईं. ह्या बोलीतील नावांस आम्ही तुच्छ मानीत नाही. उलट, त्यांत एक मोठा गुण आहे : ती थेट डोळ्यांस दिसणाऱ्या खुणेवरून पडली आहेत. पोट उडते, बरगड्या हलतात, म्हणजे मूल श्वासासाठी झगडते आहे. घोटाळा असा, की डबा हा घरगुती आजार आणि न्यूमोनिया हा डॉक्टरचा आजार अशी लोकांनी वाटणी केली. डब्याला मग घरगुती उपाय : छाती चोळणे, शेक देणे, आणि काही ठिकाणी पोटावर किंवा छातीवर तापल्या सळईने डाग देणे, बिब्ब्याचा चटका देणे. कोवळ्या कातडीवरील त्या जखमेने फुप्फुसातील पू आटत नाही. दुःख वाढते, जखम चिघळते, आणि मुख्य म्हणजे दोन दिवस हातचे जातात.

दुसरा घोटाळा थंडीचा. ‘सर्दी छातीत उतरली’, ‘वारा लागला’, ‘नारळपाणी दिले म्हणून झाले’ असे म्हणून घरातल्या सुनेस बोल लावण्याची चाल आहे. वर सांगितलेच, की शब्दात थंडी कोठेच नाही. शास्त्रातही थंडी हे मूळ कारण नव्हे. थंडीच्या दिवसांत हा आजार वाढतो हे खरे, आणि तान्ह्या बाळास ऊब हवी हेही खरे. परंतु दारे-खिडक्या लावून कोंडलेल्या, चुलीच्या वा विडीच्या धुराने भरलेल्या खोलीत बाळास दुलईत गुंडाळून ठेवणे, हा उपाय नसून आजारास आमंत्रण आहे.

डबा आणि न्यूमोनिया ह्यांना एकत्र आणण्याचे मोठे काम आपल्याच भाषेच्या मुलखात झाले आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी खेड्यांतील कार्यकर्त्यांस व सुइणींस मुलांचा न्यूमोनिया ओळखावयास व त्यावर औषध द्यावयास शिकविले. त्याने बालमृत्यू घटतात हे दाखविणारा त्यांचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अक्षरओळख नसलेल्या सुइणींसाठी त्यांनी श्वास मोजण्याचे एक साधन केले : एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्याआधी लाल मणी हाती आला, तर न्यूमोनिया. क्ष-किरण नाही, स्टेथोस्कोपही नाही. कैरोच्या त्या वैद्याने सांगितलेली तिसरी खूण, जलद श्वास, एवढीच.

आपल्या घरी मणी नसले तरी सेकंदकाटा आहे. मूल शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, पुरते एक मिनिट पोटाकडे पाहून श्वास मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर त्यास जलद श्वास म्हणावे आणि मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल किंवा मरगळून पडले असेल, तर मोजत बसू नये, तडक इस्पितळ गाठावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१९ साली पाच वर्षांखालील ७ लाख ४० हजार मुले जगभरात न्यूमोनियाने दगावली. त्या वयातील मृत्यूंपैकी हे १४ टक्के होत. न्यूमोकॉकसवरची लस आपल्या सरकारी कार्यक्रमात २०१७ पासून काही राज्यांत व २०२१ पासून देशभर मोफत मिळते; दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशा तीन वेळा ती देतात. ज्यांच्या घरी नातवंड आहे त्यांनी लसीच्या कार्डावर ती नोंद आहे की नाही हे एकदा पाहावे.

मराठीत ह्या रोगास काय म्हणावे, असे शेवटी आम्हांस विचारण्यात येते. कोशांत ‘फुप्फुसदाह’ आहे, आधुनिक आयुर्वेदीय ग्रंथांत ‘श्वसनक ज्वर’ आहे. दोन्ही शब्द निर्दोष आहेत, आणि दोन्ही बाजारात कोणी ओळखत नाही. आमचे मत असे, की न्यूमोनिया हा शब्द आता आपलाच समजावा, आणि शाळेत शिकविताना त्याच्या शेजारी फळ्यावर ‘डबा’ हा शब्दही लिहावा. आम्ही तसे करतो. मुले घरी जाऊन आजीला सांगतात, आणि आजी बहुधा ऐकते, कारण नातवाने सांगितलेले ती सहसा टाळीत नाही.

आजी-आजोबांविषयीही दोन शब्द सांगणे अवश्य आहे, कारण हा आजार लहानांइतकाच वृद्धांचाही वैरी आहे. म्हातारपणी तो वेष बदलून येतो. ताप नसतो किंवा नावापुरता असतो, खोकलाही बेताचा. माणूस एकाएकी भलतेच बोलू लागतो, जेवत नाही, चालताना तोल जातो, आणि घरचे समजतात वयाचा दोष आहे. तेथेही उशाशी बसून मिनिटभर श्वास मोजावा. मोठ्या माणसाचे श्वास विश्रांतीत मिनिटास १२ ते २० असतात. ते तीसच्या घरात गेले असतील, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.